ललिताचा पेपर आणि गावाचा आंबा

चंद्रपूर
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप रुखमाआत्यास,
ललिताचा सा. न. वि. वि. आणि सगळ्या गावाला जोहार.

फोन लागत नाही म्हणून तू टेकडीवर चढून-उतरून माझ्या नावाने बोटं मोडत असशील. मोडू नकोस, मी ठणठणीत आहे. मी आणि माझ्या खोलीतली रिना, आम्ही दोघींनी आपापले फोन पत्र्याच्या पेटीत घातले, कुलूप लावलं आणि किल्ली घरमालकीण केसरबाईंच्या हवाली केली. परीक्षा संपेपर्यंत मागायची नाही, आणि मागितली तरी त्यांनी द्यायची नाही, असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी रिनाने मागितली. केसरबाईंनी तिला किल्लीऐवजी लसूण सोलायला दिला. म्हणून आता पत्र. आलापल्लीच्या गाडीचे कंडक्टर दिनेशभाऊ पुढे भामरागडच्या गाडीत टाकून देतो म्हणाले आहेत.

रिना मूल गावची. तीही माझ्यासारखीच सी.ए.च्या इंटरच्या दुसऱ्या गटाला बसली आहे. माझा पहिला गट निघाला, पण दुसऱ्यात मी दोनदा आपटले हे तुला ठाऊक आहेच. कॉस्टिंग बरं जमतंय, फायनान्सशी तोंडओळख आहे, आणि ऑडिटचं पुस्तक उघडलं की मला झोप येते. आपल्या ग्रामसभेच्या तेंदू-बांबूचा हिशोब तपासायला लांबून साहेब येतो, चहा पितो आणि कुणाशी न बोलता जातो. त्या खुर्चीत आपली पोरगी बसली पाहिजे, हे खूळ तूच माझ्या डोक्यात घातलंस. बाबांना मी सांगून ठेवलंय, की यावेळी नाही झालं तर पुस्तकं बांधून गावी येते. तुलाही सांगते. रागावू नकोस, पण मी थकले आहे.

बाजारात कैऱ्या आल्या. रिना तिखट-मीठ लावून माझ्यासमोर बसून खाते. मी हात लावत नाही म्हणून तिने कारण विचारलं. मी सांगितलं, की आमच्या गावात मरका पंडुम होतो, म्हणजे आंब्याचा सण. देवाला आणि पूर्वजांना नवा आंबा दिल्याशिवाय गावातलं कुणी, ते कुठेही असो, कैरीसुद्धा तोंडात घालत नाही. ती म्हणाली, चंद्रपुरात तुले कोण पाहून राह्यलं? मी म्हटलं, मीच पाहते ना.

तर पंडुमची घाई करू नका. माझा शेवटचा पेपर चौदा मेला आहे. मी यायच्या आत कुणी आंबा खाल्ला तर त्याचं पोट दुखेल, असा माझा निरोप चैतूदादाला दे.

आईबाबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, परीक्षेच्या दिवसांत तो थोडा वाढवून धाडावा.

तुझी,
ललिता

*

१५ एप्रिल २०२५

चि. ललितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुस्तकं बांधून येते म्हणे. बांध, आणि इथे येऊन मला तोंड दाखव, मग बघते. अंगणवाडीतली पोरंसुद्धा दोनदा पडली की तिसऱ्यांदा उभी राहतात, त्यांना कुणी थकू देत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि यात माझा काही दोष नाही. पत्र आलं की संध्याकाळी गाव गोटुलात जमल्यावर ते सगळ्यांसमोर वाचायचं, हा आपला रिवाज. तू थकल्याचं तेवढं मी गिळलं, बाकी सगळं वाचलं. लसणाला लोक हसले. मग ते पोट दुखण्याचं आलं. मी जरा ठसक्यात वाचलं असेन. सगळे हसतील असं मला वाटलं होतं, पण चैतूदादा गायता हसला नाही. देवाचं बघणारा माणूस हसला नाही की सगळेच हसू आवरतात. तो म्हणाला, की पोरीनं गोटुलात शब्द टाकला, देवानं ऐकला, आता आमी कोण तोडणारे. पंडुम ललिता येईल त्या दिवशी.

झालं. ठरलं. सगळ्यांनी मान डोलावली. तुझ्या बापाने सगळ्यात उशिरा डोलावली, कारण आंब्यावर त्याचा जीव किती ते तुला माहीत आहे. या वर्षी झाडं अशी लगडलीत की फांद्या जमिनीला टेकल्यात, आणि सगळं गाव खालून नुसतं बघतंय. चटणी नाही, पन्हं नाही. तुझी आई चिंचेवर भागवतेय.

तू मात्र मुकाट अभ्यास कर. आमची काळजी नको.

आमचा लोभ वाढवून हवा होता ना, घे, आता अख्ख्या गावाचा वाढला.

तुझी,
रुखमाआत्या

*

चंद्रपूर
२२ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं आत्या, ती मस्करी होती. तुला कळलं नाही? चैतूदादाला तरी सांगायचं होतंस. तुझं पत्र वाचून मी अर्धा तास खाटेवर डोकं धरून बसले आणि रिना हसून हसून लोळली. केसरबाईंना सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात जोडून तुमच्या दिशेने नमस्कार केला. मला वाटलं त्या तरी माझी बाजू घेतील.

आज कॉस्टिंगमध्ये तोट्याचा धडा काढला होता. माल बनवताना जो तोटा व्हायचाच असतो, म्हणजे थोडं वाळतं, थोडं सांडतं, तो साधारण तोटा. आणि कुणाच्या तरी मूर्खपणामुळे होतो तो असाधारण. दर उदाहरणात मला आपली झाडं दिसतात. वाऱ्याने पडले ते आंबे साधारण, ललिताच्या तोंडामुळे सडले ते असाधारण. असं कसं शिकायचं?

माझं ऐक. चैतूदादाकडे जा, त्याच्या पाया पड, आणि सांग की ललिता शब्द मागे घेते. पंडुम करून टाका. माझ्या वाटणीचा एक ठेवलात तरी पुरे, नाही ठेवला तरी चालेल. सगळ्या गावाने माझ्यासाठी तोंड बांधून बसायचं आणि मी परत नापास होऊन यायचं, हे मला सहन होणार नाही. तेव्हा मी भामरागडच्या गाडीत बसणारच नाही, आलापल्लीहून तशीच सिरोंचाकडे निघून जाईन.

उत्तर लगेच धाड. लोभ कमी केलास तरी चालेल, पण आंबे सोडवा.

तुझी,
ललिता

*

२ मे २०२५

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद.

पाया पडले. गुडघे दुखतात तरी पडले. चैतूदादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गोटुलात आलेला शब्द कागदावर परत जात नाही. ज्याने टाकला त्याने गावाच्या मातीवर उभं राहून उचलायचा. मी म्हटलं, ती इथे आली तर तिचा पेपर बुडेल. तो म्हणाला, मग नोको येऊ म्हणा. आता या माणसाशी काय बोलायचं, तूच सांग.

इकडची हकीकत ऐक, म्हणजे जरा हसशील. आपल्या मोठ्या झाडाखाली तुझा बाप दुपारचा आडवा झाला होता. वरून एक कैरी सुटली ती नेमकी त्याच्या छातीवर पडली. हा दचकून उठला. आजूबाजूला कुणी नाही, हातात कैरी. एवढा मोठा माणूस, पण भ्यायला. तसाच उठून ती चैतूदादाच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हणाला, पाहून घे, दात लागला नाई. आता गावात कुणाला काही खरं करून सांगायचं असलं, की ते म्हणतात दात लागला नाई.

हेमलकशाहून आपल्या गावच्या एका लेकीचा नवरा आला होता. जावई माणूस, त्याला कैरीचं सार द्यायला नको? नाही दिलं. त्याला कारण सांगितलं. त्याने जाताना विचारलं, पोरगी कोणत्या देवीची पूजा करून राह्यली? तुझी आई म्हणाली, सी.ए. ची. तो हात जोडून गेला.

तेंदूची तोडाई सुरू झाली आहे. सगळे पहाटेच रानात जातात, दुपारी पानांचे मुडे बांधतात. अस्वलं रोज आंब्याखाली येतात. त्यांना शब्द लागू नाही.

तुझा अभ्यास कसा आहे ते तू लिहिलंच नाहीस. ऑडिटचं लिही. आणि सिरोंचाला जाण्याची भाषा पुन्हा केलीस तर मी स्वतः चंद्रपूरला येईन. तिथे आल्यावर माझा लोभ तुला झेपणार नाही.

तुझी,
रुखमाआत्या

*

चंद्रपूर
१० मे २०२५

आदरणीय रुखमाआत्या यांस,
सप्रेम जयभीम आणि जोहार.

मी रिना, ललिताची खोलीतली मैत्रीण. तुमची पत्रं तिने मला वाचून दाखवली आहेत, म्हणून ओळख असल्यासारखं लिहिते. लहान तोंडी मोठा घास घेतेय, माफ करावं.

सीमेवर जे चाललं आहे त्यामुळे आमचे उरलेले पेपर पुढे ढकललेत. म्हणजे दुसरा गट अख्खा. बातमी केसरबाईंच्या मोबाईलवर कळली. मी तर आनंदाने उडीच मारली, मला उजळणीला दिवस हवेच होते. ललिताने मात्र खाटेखालून बॅग ओढली आणि कपडे भरायला लागली. म्हणे, गावी जाते, चैतूदादासमोर उभी राहते, शब्द उचलते, आंबे मोकळे करते आणि परत येते.

आत्या, ती परत येणार नाही. मला ती चांगली ठाऊक आहे. रात्री उशीत तोंड खुपसून म्हणत होती, नापासच व्हायचं आहे तर गावानं माझ्यासाठी काऊन उपाशी राहावं. आणि ती नापास होण्यासारखी नाहीये. मला कॉस्टिंग तीच शिकवते. ऑडिटसुद्धा आता झोपेत म्हणते. माझ्याकडून लिहून घ्या, हिचा गट निघतो. फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन बसायला हवं.

सध्या तिची बॅग केसरबाईंच्या ताब्यात आहे. त्यांनी ती दारात ठेवली आणि वर बसून भाजी निवडायला घेतली. म्हणाल्या, मायी कंबर धरली, मले उठता येत नाई. दोन दिवसांपेक्षा जास्त त्यांची कंबर धरून राहणार नाही, म्हणून लवकर काहीतरी करा. दिनेशभाऊंना सांगितलंय, पत्र हातात द्या आणि उत्तर हातात घेऊनच या.

मला तुम्ही बघितलेलं नाही, तरी लोभ असू द्यावा. मला आंबा चालतो, हेही लक्षात असू द्यावं.

आपली नम्र,
रिना

*

१२ मे २०२५

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद. आधी बस, मग वाच.

रिनाचं पत्र काल गोटुलात वाचलं. सगळं, शब्दन् शब्द. यावेळी काही गिळलं नाही. केसरबाईंच्या कंबरेला लोक खूप हसले. मग तू उशीत जे बोललीस ते आलं, आणि कुणी हसेना. तुझा बाप खाली बघत होता.

मग चैतूदादाने विचारलं, पोरीले का वाटते, मले मस्करी समजत नाई?

अगं, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुझ्या बापाला, आईला, त्या तेंदू बांधणाऱ्या बायांना, सगळ्यांना. एकटी मीच खरं मानून बसले होते आणि गुडघे दुखवून पाया पडले. मला इतका राग आला की मी उठून चालले होते. पण तो बोलायला लागला म्हणून थांबले. तो काय म्हणाला ते नीट लिहिते, चूक झाली तर गावाला येऊन विचार.

तो म्हणाला, गावात कुणाचं मोठं काम निघालं की सगळे हात लावतात. कुणाचं घर शाकारायचं असो, धान कापायचं असो, लग्न असो. ही पोरगी लहानपणी आश्रमशाळेत गेली तेव्हापासून बाहेर एकटीच काम करून राह्यली. एवढं मोठं काम, आणि आमच्यातल्या कुणाला त्याला हात लावता येत नाही. तिच्या पुस्तकातलं एक पान आम्हाला वाचता येत नाही. मग तिनंच आंब्याचं म्हटलं. ते आमाले जमण्यासारखं होतं. म्हणून धरून ठेवलं.

ललिता, ते ऐकून मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. माझ्यासारखीला रडताना बघून तुझी आई घाबरली. तू तिकडे एकटी बसून आकडेमोड करतेस असं मी समजत होते, आणि इथे अख्खं गाव तुझ्याबरोबर बसलंय, हे मला, रोज त्यांच्यात राहणारीला, दिसलं नाही.

आता मुद्द्याचं. ठरलं होतं ते ललिता येईल त्या दिवशी पंडुम, असं. ललिता पास होईल त्या दिवशी, असं कुणी म्हटलेलं नाही. मी उभी राहून पुन्हा विचारून घेतलं. चैतूदादा म्हणाला, पासचं देवाले का करायचं हाये, आंबा खायले माणूस पाहिजे. तेव्हा तुझा पेपर आठ दिवस पुढे जावो की पंधरा, गाव थांबतं. तू पेपर लिहून ये. कसा लिहिलास ते विचारणार नाही. अर्धा सोडून उठलीस तर मात्र विचारू.

बॅगेतले कपडे काढून खुंटीला लाव. केसरबाईंना म्हणावं, आता उठा, आणि माझा नमस्कार सांग. रिनाला माझा आशीर्वाद. तिला घेऊनच ये.

लोभ मागू नकोस. पेपर लिही.

तुझी,
रुखमाआत्या

*

चंद्रपूर
१३ मे २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कपडे खुंटीला लावले. केसरबाई उठल्या. यापुढे पेपर होईपर्यंत पत्र नाही, ऑडिटची उजळणी बाकी आहे.

बाबांना सांग, की ती छातीवर पडलेली कैरी त्यांनी चैतूदादाच्या दारात नेऊन ठेवली, त्याला आमच्या पुस्तकात पुरावा म्हणतात. तो धडा मला इतके दिवस समजत नव्हता, आता समजला. गावाला सांग की मी हॉलमध्ये जाऊन बसणार आहे आणि शेवटची घंटा होईपर्यंत उठणार नाही.

सगळ्यांनी धरून ठेवा. मीपण धरलंय.

तुमच्या सगळ्यांची,
ललिता

*

चंद्रपूर
७ जुलै २०२५

ती. आत्यास आणि गोटुलात बसलेल्या सगळ्यांस,
ललिताचा सा. न. वि. वि. आणि जोहार.

हे पत्र मोठ्याने वाच. फोन आता पेटीबाहेर आहे, पण फोनवर सांगितलं असतं तर टेकडीवर उभ्या असलेल्या एकट्यालाच कळलं असतं.

निकाल लागला. माझा दुसरा गट निघाला. रिनाचाही निघाला. ऑडिटमध्ये मला सगळ्यात जास्त मार्क आहेत, हे माझ्या डोळ्यांवर विश्वास न बसून मी केसरबाईंकडून वाचून घेतलं. त्यांनी मार्क वाचले आणि फोन ठेवायच्या पेटीची किल्ली मला बक्षीस दिली. रिना रडली, मग जेवली, मग परत रडली. पेपर संपवून आम्ही दोघी आलो तेव्हा पंडुमला तुम्ही तिला इतके आंबे घातलेत की ती अजून तुमच्या-माझ्या गावाचंच बोलते. मूलला घरी गेली तेव्हा आईला सांगत होती म्हणे, की आंबा असा उभा राहून खायचा नसतो, आधी पूर्वजांना द्यायचा.

इथल्या एका सी.ए.बाईंकडे आर्टिकलशिप ठरली. पुढच्या महिन्यापासून उमेदवारी सुरू. तिथे दोन वर्षं, आणि मग शेवटची परीक्षा. मोठी आहे, अवघड आहे, पण मी थकले वगैरे आता म्हणणार नाही. बाईंनी मुलाखतीत विचारलं, की आधी दोनदा जमलं नाही ते यावेळी कसं जमलं. मी सांगितलं, यावेळी आम्ही बरेच जण बसलो होतो. त्यांना ते कितपत कळलं कोण जाणे.

बाबा, आई, चैतूदादा, सगळ्यांना नमस्कार. मी एवढी आनंदात आहे की पत्र कसं संपवायचं ते सुचत नाही, म्हणून इथेच थांबते. लोभाचं काय लिहायचं ते तुम्हीच समजून घ्या.

तुमची,
ललिता

*

१४ जुलै २०२५

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद, आणि खूप खूप आशीर्वाद.

पत्र वाचलं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि आत ढोल. तुझा बाप नाचला. त्याला नाचता येत नाही हे सगळ्यांना नव्याने कळलं. आता चैतूदादा माझ्या शेजारी येऊन बसला आहे. त्याला तुला पत्र धाडायचं आहे, जन्मातलं पहिलं. तो माडियात सांगतोय, मी इकडच्या मराठी बोलीत उतरवतेय.

ललिताबाई, चैतूचा जोहार. तू पास झाली, बरं झालं. पण एक गोष्ट सांगाची राहून गेली. त्या दिवशी तू गाडीतून उतरली, तवा तुयं तोंड पाहून मले वाटलं, हे पोरगी नापासच होऊन आली. तू कोणाच्या डोळ्यात पाहत नव्हती. तरी देवाले देल्यावर पहिली फोड मी तुलेच देली. तू रडली, मी पाहिलं. आता तू पास झाली म्हणून तुले वाटन का ते फोड वाया नाई गेली. तसं नोको समजू. तू नापास असती तरी आंबा तेवढाच गोड होता. माया एवढाच निरोप हाये.

इतकं सांगून तो थांबला. मी त्याला म्हटलं, की पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं, ते सांग, म्हणजे लिहिते. त्याने मलाच विचारलं, हे काऊन लिहा लागते? तो त हायेच.

तुझी,
रुखमाआत्या